‘इंग्रजी पळतंय, मराठी पडतंय’: ठळक तिरक्या मथळ्याचा नेहमीचा बिघाड

कबड्डीच्या स्पर्धा, दहीहंडी, गणपती. यातला कुठलाही मोसम जवळ आला की माझ्याकडे एकाच जातीची तक्रार येते. जर्सीवर किंवा फ्लेक्सवर संघाचं इंग्रजी नाव जाडजूड, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत असतं, अगदी सुसाट सुटल्यासारखं. त्याखाली तेच नाव मराठीत, त्याच थाटात हवं असतं. पोरगं मराठी टाईप करतं, ‘बी’ दाबतं, ‘आय’ दाबतं, आणि शब्दाचं भलतंच काहीतरी होतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट येतो. दादा, इंग्रजी भारी दिसतंय, मराठी असं का पडतंय?

दरवेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. बिघाड एकच दिसतो, पण त्यामागे चार-पाच वेगवेगळी कारणं असतात. चुकीच्या कारणावर इलाज केला की तासभर वाया जातो आणि फ्लेक्सवाला वर ओरडतो.

पहिला प्रश्न: तिरकं कोणी केलं?

अक्षरं तिरकी करणारे दोघे असतात. एक अक्षररचनाकार, ज्याने ठळक तिरकी शैली वेगळी बसून काढली आणि तिची स्वतंत्र फाइल दिली. दुसरं तुमचं सॉफ्टवेअर. त्याला अशी फाइल सापडत नाही तेव्हा ते सरळ अक्षरच एका बाजूला ढकलतं आणि कडेने फुगवून जाड करतं. तुम्हाला न विचारता. बहुतेक वेळा आपल्या मराठी मथळ्याचं हेच झालेलं असतं.

ओळखायचं कसं? फॉन्टच्या नावाशेजारी शैलींची यादी उघडा. त्यात ‘बोल्ड इटॅलिक’ किंवा ‘एक्स्ट्राबोल्ड इटॅलिक’ असं नाव असेल तर ती खरी फाइल. नसेल आणि तरीही अक्षर झुकलं असेल तर ते नकली. मुक्ता हा देवनागरी फॉन्ट घ्या. त्यात सात वजनं (म्हणजे जाडीच्या पायऱ्या) आहेत, तिरकी एकही नाही. बलू २ मध्ये पाच वजनं, तिरकी नाही. नोटो सान्स देवनागरी, विंडोजचे निर्मला यूआय आणि मंगल यांतही तिरकी शैली नाही. मंगल हा र. कृ. जोशींनी रचलेला फॉन्ट, वाचायला चोख. पण त्याची ठळक फाइलसुद्धा विंडोज ७ बरोबर आली. त्याआधी मंगलमध्ये ‘बी’ दाबून जे जाड दिसायचं ते सगळं फुगवलेलं होतं.

फोटोशॉप निदान प्रामाणिक आहे. त्याच्या कॅरॅक्टर पॅनेलमध्ये ‘फॉ बोल्ड’ आणि ‘फॉ इटॅलिक’ अशी दोन वेगळी बटणं आहेत, म्हणजे नकली हे नावातच कबूल केलंय. फॉ बोल्ड लावलेल्या अक्षरांना वार्प द्यायला (वाकवायला) किंवा त्यांचा शेप (नुसता आकार) करायला गेलात की ते नकार देतं. पुष्कळांना हा फोटोशॉपचा दोष वाटतो. तो इशारा आहे, फॉ बोल्ड काढा आणि खरं जाड वजन निवडा.

वेबसाइटवर तपासायचं असेल तर सीएसएसमध्ये (वेबपान कसं दिसावं हे सांगणाऱ्या कोडमध्ये) फॉन्ट-सिंथेसिस या गुणधर्माला ‘नन’ द्या. ब्राउझर मग स्वतःहून काही झुकवत किंवा फुगवत नाही. इंग्रजी तिरकं राहिलं आणि मराठी ताठ उभं राहिलं, तर चोर सापडला.

याचं उलट प्रकरणही होतं. रेसिंग सान्स वनसारखे काही फॉन्ट मुळातच जाड आणि तिरके रचलेले असतात, पण त्यांची एकुलती एक फाइल ‘रेग्युलर’ या नावाने येते. सॉफ्टवेअरला वाटतं हा सरळ फॉन्ट आहे. तुम्ही ‘आय’ दाबलंत की आधीच झुकलेलं अक्षर पुन्हा झुकतं आणि पार आडवं व्हायला येतं. अशा फॉन्टवर ‘आय’ला हातच लावायचा नाही.

‘इंग्रजी बदलतं, मराठी हलतच नाही’

ही तक्रार बहुधा वर्डमधून येते. सरळ कारण असं की त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. जर्सीवाल्यांचा लाडका कनित घ्या. त्यात अठरा शैली आहेत, तिरक्या आहेत, सगळं आहे, पण तो थाई आणि लॅटिनसाठी केलेला फॉन्ट आहे. मराठी अक्षरं दिसतात ती दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमधून उसनी आणलेली, विंडोजवर बहुतेक निर्मला यूआयमधून. मग एकाच ओळीत इंग्रजी एका गावचं आणि मराठी दुसऱ्या गावचं दिसणार.

दुसरं कारण जरा लपलेलं असतं. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिच्यासाठी फॉन्ट, ठळकपणा, तिरकेपणा यांची वेगळी नोंद ठेवतो. कंट्रोल डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा कप्पा वेगळा दिसेल. तिथे बदल करा. लिबरऑफिसमध्येही असंच आहे, फक्त आधी पर्यायांमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करावं लागतं.

जुन्या फाइलींचं दुखणं निराळं. श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टांत टाईप केलेला मजकूर युनिकोड (म्हणजे सगळीकडे एकच चालणारे अक्षरसंकेत) नसतो. तिथे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. त्यावर नवा युनिकोड फॉन्ट लावला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ज्ञ’ डोळ्यांखालून घाला. ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ झालेला मी जर्सीच्या पाठीवर छापून आलेला पाहिलाय. ज्याची जर्सी होती तो काही बोलला नाही, त्याचे मित्र मात्र हंगामभर बोलले.

‘वेलांटी अक्षराच्या पुढे पळाली’

‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे गेली, ‘त्र’ सुटून त-हलन्त-र झाला, तर फॉन्टला दोष देऊ नका. सॉफ्टवेअरने जोडाक्षरं बांधणारं इंजिन सुरू केलेलं नाही. इनडिझाईनमध्ये परिच्छेदाच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाईप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाईप प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन पाहा. बदल केल्यावर मजकूर पुन्हा टाईप करा किंवा चिकटवा, जुना मजकूर कधीकधी तसाच अडून बसतो.

आता मूळ दुखणं

वरचं सगळं ठीक असूनही मराठी मथळा पडल्यासारखा दिसतो, आणि खरी मेख इथेच आहे.

लॅटिन अक्षर जमिनीवर उभं असतं. खालच्या रेषेवर पाय रोवून ते पुढे झुकलं की पळणाऱ्या माणसासारखं दिसतं. म्हणून ट्रक, टायर, कुरिअर, शर्यती, खेळ, जिथे वेग विकायचा आहे तिथे हा ठळक तिरका सॅन्स (टोकांना शेपट्या नसलेलं साधं अक्षर) हमखास सापडतो. देवनागरी अक्षर मात्र लटकलेलं असतं. शिरोरेषा ही दोरी आणि अक्षरं त्यावर वाळत घातलेले कपडे. दोरी आडवी ती आडवीच राहते, कारण बाजूला ढकलल्याने आडव्या रेषेचा कोन बदलत नाही. झुकतात ते फक्त काने. म्हणजे दिसायला काय होतं, तर वाऱ्याने कपडे एका बाजूला उडालेत. पुढे धावण्याचा भास होत नाही, कोणीतरी खालून मागे ओढतंय असं वाटतं. इंग्रजीत चालणारा कोन जसाच्या तसा मराठीला लावून काम भागत नाही ते यामुळे.

इतिहासाचंही थोडं आहे. इटॅलिक जन्मलं व्हेनिसमध्ये, १५०१च्या सुमारास, आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यात. फ्रांचेस्को ग्रिफोने ते खिळे कोरले, आणि त्यामागे त्या काळचं वळणदार हस्ताक्षर होतं. फ्युचुरा, हेल्वेटिका यांसारख्या सॅन्स फॉन्टांत पुढे ते वळण गळालं, नुसता कल उरला. देवनागरी खिळ्यांना असा पूर्वजच नव्हता. मराठी छपाईत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर तो ठळक करायचे किंवा अवतरणात टाकायचे. भरभर, हात न उचलता लिहायची आपली लिपी मोडी होती, आणि तिचा संबंध दफ्तराशी राहिला. मोडीच्या वळणावरून कोणी देवनागरीचं खरं इटॅलिक घडवलं तर मी पहिला गिऱ्हाईक. तूर्तास आपल्याला झुकवलेल्या सरळ अक्षरांवरच भागवायचंय.

एक उदाहरण हिशेबासकट देतो. गेल्या वर्षी एका मंडळाचा फ्लेक्स दुरुस्तीला आला. नाव पूर्ण सांगत नाही, त्यात ‘गर्जना’ हा शब्द होता. अक्षरं खूप जवळजवळ आणून २० अंशांनी झुकवलेली. रस्त्यापलीकडून लोक ‘गजर्ना’ वाचत होते. रफार ‘ज’च्या कान्यावर बसतो आणि ‘ज’चा काना अगदी उजव्या टोकाला, ‘ना’ला खेटून असतो. अक्षर शिरोरेषेपर्यंत १२ इंच आणि रफार त्यावर ४ इंच धरा. २० अंशांना दर इंच उंचीमागे ०.३६ इंच सरक होते. म्हणजे रफाराचं टोक शिरोरेषेवरच्या आपल्या जागेपासून जवळपास दीड इंच पुढे गेलं. अक्षरांमध्ये फट नसल्याने ते थेट ‘ना’च्या डोक्यावर. तोच कोन १० अंश केला की ही सरक पाऊण इंचाच्या आत येते. ‘संघ’मध्ये अनुस्वाराचं असंच होतं, तो ‘स’ सोडून ‘घ’कडे निघतो. खाली उकार उलट्या दिशेने, डावीकडे जातो. ‘कुस्ती’तला उकार मग ‘क’च्या दांड्याखालून सुटतो आणि शब्दाच्या आधीच डोकावायला लागतो.

जाडीचा गोंधळ यात मिसळतो. नकली बोल्ड सगळ्या बाजूंनी सारखं फुगतं. लॅटिनमध्ये ते एकवेळ खपतं, कारण अक्षरात पोकळ जागा मोठ्या असतात. ‘क्ष’, ‘ध’, ‘भ’, ‘ज्ञ’ यांच्या गाठी मात्र आतून बुजतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि ‘ष’चं पोट भरून जातं. कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइन जाड करून ठळकपणा आणणारे बरेच आहेत. त्यात कोपरे टोकदार ठेवले की अक्षरांना बाभळीसारखे काटे फुटतात. शिवाय ढकलल्याने गोलाव्याची जाडी बिघडते. उजवीकडे वर आणि डावीकडे खाली रेघ जाड होते, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक. ‘ठ’ आणि ‘ट’वर हे लगेच दिसतं.

मी काय करतो

खरी ठळक तिरकी देवनागरी हवी असेल तर आधी पॉपिन्स बघतो. देवनागरीचा आराखडा निनाद काळे यांचा, लॅटिन जॉनी पिनहॉर्न यांचं. नऊ वजनं आणि त्यांच्या नऊ तिरक्या, अशा १८ फाइली, आणि देवनागरीही झुकलेली मिळते. इंग्रजी-मराठी एकाच कुळातलं असल्याने जोडी जुळते. तक्रार एकच, तो फार सभ्य आहे. दहीहंडीच्या फ्लेक्सला जो रांगडेपणा लागतो तो त्याच्यात नाही.

रांगडेपणा हवा असेल तर बलू २ किंवा मुक्ताचं सगळ्यात जाड वजन घेतो, आणि तिरकं हाताने करतो. शब्द टाईप करून शुद्धलेखन तपासतो, कारण नंतर बदलता येत नाही. मग अक्षरांमधली जागा नेहमीपेक्षा किंचित वाढवतो, रफाराला पुढे सरकायला तेवढी मोकळीक लागते. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल क्यूने कर्व्ह (अक्षरांचे नुसते आकार करणं), मग वेल्ड (एकमेकांवर चढलेले आकार एकसंध जोडणं). मग स्क्यू, म्हणजे झुकवणं, ८ ते १० अंश. बाराच्या वर मी मराठीला कधी नेत नाही. इंग्रजी १२ आणि मराठी ९ असलं तरी शेजारी ठेवल्यावर दोन्ही सारखीच झुकलेली वाटतात. शिरोरेषेमुळे मराठीचा कल डोळ्याला जास्त जाणवतो, असा माझा अनुभव.

त्यानंतर नोड (आकाराच्या कडेवरचे बिंदू) पकडून रफार, अनुस्वार आणि मात्रा थोड्या डावीकडे परत आणतो, उकार थोडे उजवीकडे. फार नाही, आपापल्या कान्याच्या रोखात येईपर्यंत. शब्दाच्या दोन्ही टोकांना शिरोरेषेचं तोंड कान्याच्याच कोनात कापलेलं आहे ना, तेही बघतो. सरळ कापलेलं राहिलं की सगळं चिकटवल्यासारखं दिसतं. शेवटी इंग्रजी आणि मराठी एकाखाली एक ठेवताना मराठीची शिरोरेषा आणि इंग्रजीची कॅपिटल उंची मोजून घेतो. दोन्हींचा पॉइंट साइझ सारखा ठेवला तर मराठी जवळजवळ नेहमीच लहान भासतं.

एवढा वेळ नसेल तर माझा आवडता पळवाटेचा मार्ग आहे. अक्षरं ताठ ठेवायची आणि मागची पट्टी तिरकी करायची. वरच्या ‘गर्जना’ला शेवटी तेच केलं. मुक्ता एक्स्ट्राबोल्ड सरळ उभा, मागे १२ अंशांनी कापलेली भगवी पट्टी, तिच्या डाव्या टोकाला वेगाच्या तीन रेषा. अध्यक्ष म्हणाले, “हां, आता कसं पळतंय बघा.” अक्षर एक अंशही झुकलेलं नव्हतं.

छापताना आणि कापताना

रेडियमवाल्याकडे फाइल देताना वेल्ड केलंय का, हे दोनदा बघा. देवनागरीत प्रत्येक अक्षराचा शिरोरेषेचा तुकडा शेजारच्यावर थोडा चढलेला असतो. पडद्यावर ते कळत नाही, प्लॉटर (रेडियम कापणारं यंत्र) मात्र प्रत्येक कड कापत जातो. नाव काचेवर लावताना शिरोरेषेचे बारीक तुकडे हातात येतात. तिरक्या अक्षरांत ते तुकडे निमुळते होतात आणि आधी तेच उचकटतात.

फ्लेक्सला फाइल नेहमी कर्व्ह करूनच द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट न बसवता पाठवलेलं मराठी त्यांच्या मशीनवर कुठल्या रूपात उघडेल याचा भरवसा नाही.

शेवटचं अक्षर उजवीकडे कापलं जात असेल, आणि हे यूट्यूबच्या थंबनेलवर व वेबसाइटवर सतत होतं, तर कारण सोपं आहे. सॉफ्टवेअर अक्षराची रुंदी सरळ अवस्थेत मोजतं, झुकलेलं टोक त्या चौकटीबाहेर पडतं. उजवीकडे अक्षराच्या उंचीच्या पाव भागाइतकी जागा सोडा. वरची मात्रा कापली जात असेल तर ओळीची उंची वाढवा. देवनागरीला ती अक्षराच्या आकाराच्या १.४ पटीच्या खाली नेलं की तक्रारी सुरू झाल्याच समजा.

आणि नंबर प्लेटवर हे करायला माझ्याकडे येऊ नका. तिथे तिरकी, नक्षीदार अक्षरं नियमात बसत नाहीत, आणि १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना तर उच्च सुरक्षा पाटी कंपनीकडूनच येते.

कुठे शोभतं, कुठे नाही

एक ते तीन शब्द, मोठ्या आकारात. जर्सीची पाठ, स्पर्धेचं नाव, सवलतीचा आकडा, थंबनेल. मराठी आकडे तर झक्कास झुकतात, कारण त्यांना शिरोरेषा नाही. ७, ९, १७ बिनधास्त १२ अंशांवर न्या. परिच्छेद मात्र कधीच नाही. शुभेच्छुकांची तीस नावं ठळक तिरक्यात लावली तर एकही शुभेच्छुक स्वतःचं नाव शोधू शकणार नाही, आणि मग फोन आपल्यालाच येतात. मागे एकाने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ही ठळक तिरक्यात मागितली होती. गेलेला माणूस शर्यतीला निघाल्यासारखा दिसत होता. घरच्यांना हळूच दाखवलं, त्यांनीच सरळ करायला सांगितलं.

नवा फॉन्ट हाती आला की मी एक ओळ टाईप करून, झुकवून, भिंतीवर चिकटवतो आणि दुकानाच्या दारातून वाचतो. तुम्हीही वापरा: ‘गर्जना संघ कुस्ती ट्रॅक्टर सुऱ्या श्रद्धा ज्ञानेश क्षेत्र मूर्तींना १७’. यात रफार, अनुस्वार, उकार, ऱ्य, बुजणाऱ्या गाठी, सगळे त्रासदायक पाहुणे एकत्र आहेत. ‘मूर्तींना’मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसतात. बहुतेक फॉन्ट तिथेच पडतात.